‘स्केल’ म्हणजे पट्टी की स्वरक्रम?

परभणी जिल्ह्यातील एका भजनी मंडळात टाळकरी असलेल्या गृहस्थांनी हा प्रश्न विचारला आहे. त्यांची मुलगी शहरात कीबोर्डच्या वर्गाला जाते आणि घरी वडिलांबरोबर अभंगही म्हणते. वर्गातल्या बाई तिला ‘सी मेजर स्केल’ पक्के करायला सांगतात, मंडळाचे पेटीवाले ‘हिचे स्केल काळी चार आहे’ असे म्हणतात, मोबाइलमधले सूर दाखवणारे ॲप तिच्या गाण्याला ‘जी शार्प’ दाखवते आणि वाद्यांच्या दुकानदाराने ‘स्केल चेंजर पेटी घ्या, म्हणजे प्रश्नच मिटला’ असा सल्ला दिला आहे. यातले खरे स्केल कोणते, मुलीने सी मध्ये गायचे की काळी चारमध्ये, आणि एवढी महाग पेटी घ्यावी की नको, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

माझे आयुष्य अंबाजोगाई आणि आसपासच्या भागात पेटी शिकवण्यात व साथ करण्यात गेले आहे. या एका शब्दाने विद्यार्थ्यांचा जेवढा गोंधळ होतो तेवढा रागांच्या नियमांनीही होत नाही, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

पहिली गोष्ट अशी की बाई, पेटीवाले आणि ॲप हे तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. पाश्चात्त्य संगीतात स्केल म्हणजे ठरावीक अंतरांनी चढत किंवा उतरत जाणारी स्वरांची ओळ. आपल्याकडे भजनी मंडळापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळीकडे स्केल म्हणजे षड्ज, म्हणजे सा, ज्या उंचीवर धरला आहे ती जागा, अर्थात पट्टी. बाई ओळीविषयी बोलत आहेत, पेटीवाले जागेविषयी बोलत आहेत आणि ॲप कोणत्याच स्केलविषयी बोलत नसून त्या क्षणी कानावर पडलेल्या एका सुराचे नाव तेवढे सांगत आहे. इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या शिडी या अर्थाच्या शब्दात आहे, आणि तीच शिडी डोळ्यांपुढे ठेवली तर फरक चटकन कळतो. शिडीच्या पायऱ्यांमधली अंतरे म्हणजे पाश्चात्त्यांचे स्केल, आणि ती शिडी जमिनीवर टेकवली आहे की ओट्यावर, हे सांगणारी आपली पट्टी. शिडी उचलून ओट्यावर ठेवली म्हणून पायऱ्यांमधली अंतरे बदलत नाहीत.

आता पायऱ्यांविषयी. मेजर स्केलमध्ये लगतच्या स्वरांतली अंतरे अर्धस्वरांत (काळ्या धरून पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर म्हणजे एक अर्धस्वर) मोजली तर दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक अशी येतात. पेटीवर पांढरी एकपासून सलग आठ पांढऱ्या पट्ट्या दाबल्या की हाच क्रम मिळतो, आणि आपण त्याला बिलावल थाट म्हणतो; थाट म्हणजे रागांच्या वर्गवारीसाठी मानलेला सात स्वरांचा साचा. ‘सी मेजर’ या नावात दोन माहित्या एकत्र बांधलेल्या आहेत: ‘सी’ हे अक्षर सुरुवातीची जागा सांगते आणि ‘मेजर’ हा शब्द अंतरांचा क्रम सांगतो. आपले पेटीवाले ‘काळी चार’ म्हणतात तेव्हा ते फक्त पहिली माहिती देतात. दुसरी माहिती रागाच्या किंवा चालीच्या नावातून यायची असते, म्हणून ती वेगळी सांगण्याची त्यांना गरज वाटत नाही. ‘काळी चार, भूप’ एवढे कानावर पडले की साथीदाराला सगळे समजते.

काळी आणि पांढरी यांची मोजणी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पेटीवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांनी बसवलेल्या असतात. दोनच्या गटाच्या डावीकडची लगतची पांढरी ती पांढरी एक, म्हणजे सी. तिथून उजवीकडे पांढऱ्या एक ते सात आणि काळ्या एक ते पाच अशा स्वतंत्र मोजल्या जातात. त्यामुळे काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन म्हणजे डी शार्प, काळी तीन म्हणजे एफ शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प आणि काळी पाच म्हणजे ए शार्प. म्हणजे पेटीवाल्यांचे ‘काळी चार’ आणि ॲपचे ‘जी शार्प’ ही एकाच सुराची दोन नावे झाली. दोन्ही मोजण्या वेगळ्या असल्याने आकडा सारखा दिसला तरी उंची सारखी नसते: काळी चार ही पांढरी चारपेक्षा तीन अर्धस्वरांनी उंच आहे. नवीन टाळकरी ‘पांढरी चार जमते, म्हणजे काळी चारही जमेल’ असे समजून सुरुवात करतात आणि दुसऱ्या चरणात आवाज फाटतो, त्याचे कारण हेच.

पट्टी या शब्दातही हे सगळे दिसते. पेटीची जी पट्टी दाबून षड्ज धरला, ती त्या गायकाची पट्टी. ‘तुमची पट्टी कोणती’ या प्रश्नाला पूर्वी आमच्या भागात सगळे जण ‘काळी दोन’, ‘पांढरी चार’ असेच उत्तर देत आणि काही अडत नसे. पुढे ऑर्केस्ट्रा, कॅराओके आणि कीबोर्ड आले तशी पट्टीची जागा स्केलने घेतली. त्यात वाईट काही नाही. मात्र दोन संगीत-परंपरांतले लोक एकत्र वाजवू लागले की तोच शब्द दोन अर्थांनी फिरतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो की जागेला पट्टी म्हणा, आणि ओळीसाठी थाट किंवा स्वरक्रम म्हणा. स्केल हा शब्द वापरायचाच असेल तर समोरच्याने तो कोणत्या अर्थाने वापरला आहे ते आधी विचारून घ्या.

हा फरक केवळ शब्दांचा असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. तो गाण्यात किती खोल उतरतो हे पाहण्यासाठी घरच्या पेटीवर किंवा मुलीच्या कीबोर्डवर एक प्रयोग करा. पांढऱ्या पट्ट्यांना हातच लावायचा नाही, फक्त पाच काळ्या पट्ट्या वापरायच्या. कोणी तरी काळी तीन धरून ठेवावी आणि तीच सा मानून दुसऱ्याने बाकीच्या काळ्या पट्ट्यांवर चढत-उतरत फिरावे. सा, रे, ग, प, ध असे शुद्ध स्वर मिळतील आणि भूप ऐकू येईल. आता त्याच पाच पट्ट्या ठेवा, पण धरलेला सूर काळी तीनऐवजी काळी पाच करा. बोटांखालचा एकही सूर बदललेला नाही, तरीही कानाला आता सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि ऐकू येतात, म्हणजे मालकंस. काळी एक धरली तर दुर्गा, काळी दोन धरली तर धानी आणि काळी चार धरली तर मधमाद सारंगाचे स्वर लागतात. हे करताना एक पथ्य पाळा: धरलेला सूर सतत वाजत राहिला पाहिजे. तो थांबला की कान आधीच्या षड्जाकडे परत जातो आणि मालकंसाच्या जागी भूपच ऐकू येत राहतो. वर्गात मी हा प्रयोग करतो तेव्हा काळी पाचचा षड्ज कानात बसायला मुलांना मिनिटभर लागते. तो बसला की त्यांच्या चेहऱ्यावरचा बदल पाहण्यासारखा असतो.

पांढऱ्या पट्ट्यांवरही हेच घडते. काळ्यांना न शिवता पांढरी एकवर षड्ज धरला तर बिलावल, दोनवर काफी, तीनवर भैरवी, चारवर कल्याण, पाचवर खमाज आणि सहावर आसावरी हे थाट मिळतात. सातवर मात्र शुद्ध पंचमच (प) सापडत नाही, त्यामुळे तिथे कोणताही थाट बसत नाही. संगीतशास्त्रज्ञ पंडित भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी उरलेले चार, म्हणजे भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, या मार्गाने येत नाहीत; त्यांच्यासाठी काळ्या पट्ट्या घ्याव्याच लागतात.

सूर तेच ठेवून षड्ज बदलण्याच्या या युक्तीला आपल्या शास्त्रात मूर्च्छना म्हणतात, आणि मराठवाड्याच्या माणसाने ती अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ देवगिरीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या दौलताबादला लिहिला. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते आणि तो स्वतः राज्याच्या हिशेबाच्या कारभारावर होता. ग्राम, मूर्च्छना, श्रुती आणि जाती यांची जी मांडणी त्याने केली तिचा आधार हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरांतले पंडित पुढे शतकानुशतके घेत आले. बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातली बारीक स्वरांतरे, कानाला पटवून देण्यासाठी त्याने बावीस तारांच्या दोन वीणा सांगितल्या आहेत. एक ध्रुववीणा, जिच्या तारा हलवायच्या नाहीत, आणि दुसरी चलवीणा, जिच्या तारा क्रमाक्रमाने उतरवत नेऊन पहिलीशी ताडून पाहायच्या. स्थिर काय आणि हलणारे काय, हे आधी वेगळे करायचे आणि मग मोजायचे, ही त्याची पद्धत आजच्या प्रश्नालाही लागू पडते. जागा स्थिर ठेवून ओळ बदलणे ही एक क्रिया आहे आणि ओळ स्थिर ठेवून जागा बदलणे ही दुसरी. एकाच शब्दाने दोन्ही सांगू गेलो तर दोन्ही निसटतात.

मूर्च्छनेचा एक सुंदर उपयोग पंडित जसराज यांनी जसरंगी जुगलबंदीत केला. तिच्यात गायिका आणि गायक आपापल्या पट्टीत, दोन वेगळे राग, एकाच वेळी गातात. हे कसे जमते ते आपल्याच उदाहरणावरून समजेल. गायिकेची पट्टी काळी चार धरली तर तिचा मध्यम (म) बरोबर काळी एकवर येतो, आणि काळी एक ही तर कितीतरी पुरुषांची नेहमीची पट्टी. आता पुरुषाने काळी एकला षड्ज मानून भूप घेतला आणि गायिकेने काळी चारला षड्ज मानून दुर्गा घेतला, तर दोघांच्या हाती तेच पाच सूर राहतात. आपल्या मंडळात स्त्री आणि पुरुष एकत्र भजन म्हणतात तेव्हा कोणाला तरी ओरडावे लागते किंवा कोणाचा तरी आवाज खाली बुडतो. तिथे जुगलबंदी करायची गरज नाही, पण निदान पट्टी एकाच्या सोयीने ठरते आहे हे भान तरी ठेवावे.

स्केल म्हणजेच राग, असेही पुष्कळ जण समजतात, विशेषतः गिटार आणि कीबोर्ड शिकणारी मुले. ते बरोबर नाही. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच आहेत. पण भूपात गंधाराला (ग) मान आहे आणि तो पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, रमतो, तर देसकारात धैवत (ध) बलवान असून चलन वरच्या अंगाने होते. पायऱ्या सारख्या असून कोठे थांबायचे आणि कोठून वळायचे हे वेगळे असल्यामुळे राग दोन झाले. स्केल पाठ झाले म्हणजे रागाची सामग्री हाती आली, एवढेच त्यातून सिद्ध होते.

पाश्चात्त्य बाजूचीही एक अडचण सांगून ठेवतो, कारण कॅराओके लावून गाणाऱ्यांना ती हमखास येते. सी मेजर आणि ए मायनर या दोन्हींत सगळ्या पांढऱ्या पट्ट्याच येतात. फरक एवढाच की पहिल्यात विसावा पांढरी एकवर आहे आणि दुसऱ्यात पांढरी सहावर. म्हणजे बिलावल आणि आसावरी यांचेच नाते. ट्रॅकवर ‘ए मायनर’ लिहिले असेल तर षड्ज पांढरी सहा समजावा आणि गंधार, धैवत, निषाद कोमल घ्यावेत. काही ॲपे मात्र फक्त कोणते सूर वापरले आहेत ते मोजतात आणि अशा गाण्यालाही ‘सी मेजर’ असे नाव देऊन टाकतात, कारण सूर तेच असतात. षड्ज कोठे आहे हे कानाने ठरवायचे असते. गाण्याच्या ध्रुवपदाचा शेवट ज्या सुरावर निवांत होतो तो बहुधा षड्ज असतो.

त्याच वर्गात ‘स्केल वाजव’ असेही म्हटले जाते आणि तिथे अर्थ आणखी थोडा सरकतो. लंडनच्या संस्थांच्या श्रेणी-परीक्षांत स्केल हा स्वतंत्र भाग असतो: ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या बोटांनी, एक किंवा दोन सप्तके वर जाऊन खाली यायचे. हा रियाज आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका परीक्षांना बसणारी आपली मुले अलंकार आणि पलटे घोटतात, त्याचाच हा भाऊबंद. म्हणून बाई सी मेजर वाजवून घेतात याचा अर्थ मुलीने सी मध्ये गावे असा होत नाही. बाई तिची बोटे तयार करत आहेत, गळ्याविषयी त्या काहीच बोललेल्या नाहीत.

बाकीचे अर्थ थोडक्यात सांगतो. गिटारचे स्केल म्हणजे तारेच्या मोकळ्या, कंप पावणाऱ्या भागाची लांबी, आणि चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनमध्ये स्केल म्हणजे नळीची रुंदी तिच्या लांबीच्या मानाने किती असावी याचे प्रमाण. गाण्याबाहेर नकाशाचे प्रमाण आणि शाळेतली फूटपट्टी हेही स्केलच आहेत, तर माशाचे खवले आणि वजनाचा काटा यांना इंग्रजीत हाच शब्द असला तरी त्यांचे मूळ निराळे आहे.

एक अर्थ मात्र असा आहे की त्याच्याकडे पेटी वाजवणाऱ्याने दुर्लक्ष करू नये. एकाच स्वरक्रमातली अंतरे नेमकी किती मोठी ठेवायची, या व्यवस्थेलाही स्केल म्हणतात. पेटी आणि कीबोर्ड यांत सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केलेले असतात. त्यातल्या प्रत्येक भागाचे शंभर सेंट मानले तर पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. हा चौदा सेंटांचा फरक लहान दिसतो, पण तंबोरा नीट जुळलेला असेल आणि कान तयार असेल तर पेटीचा गंधार थोडा चढा वाजतो हे स्पष्ट कळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी श्रुती-हार्मोनियमचा खटाटोप केला तो यासाठीच. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली, तिच्या समर्थनातही हा मुद्दा पुढे केला जाई, शिवाय पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) निघत नाही हा दुसरा. मी पेटीवर पोट भरणारा माणूस आहे आणि पेटीवर माझा जीव आहे, तरीही सांगतो की मुलीने रोज थोडा वेळ केवळ तंबोऱ्यावर गावे. तंबोऱ्याचे ॲप चालेल. पेटीच्या मागे मागे गाणाऱ्या गळ्याला पेटीचाच गंधार लागतो आणि पुढे तो सुटत नाही.

ॲपविषयीही दोन गोष्टी. ॲप गृहीत धरते की मध्य सप्तकातला ए ४४० हर्ट्झचा आहे. हे प्रमाण १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ठरले आणि १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले. त्याआधी फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ४३५ ठरवले होते. आपल्या गावातल्या जुन्या पेट्या कुठल्या प्रमाणाने सुरात लावल्या आहेत याचा भरवसा नसतो, आणि सुरांच्या पितळी पात्यांवर धूळ बसली किंवा ती घासली गेली की आवाज हळूहळू सरकतो. म्हणून पेटीची काळी चार दाबल्यावर ॲपचा काटा जी शार्पच्या थोडा अलीकडे किंवा पलीकडे दिसला तर घाबरू नका. सगळ्या पट्ट्या सारख्याच सरकल्या असतील तर पेटी आपल्यापुरती सुरातच आहे. एखादीच पट्टी वेगळी सरकली असेल तर ती जाणकाराकडून दुरुस्त करून घ्या. पात्याचे टोक खरवडले की सूर चढतो आणि मुळाशी खरवडले की उतरतो, हे ऐकून घरी प्रयोग करू नये. पाते तुटले तर त्या जातीचे दुसरे मिळायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट सप्तकाची. ‘काळी चार’ म्हटल्याने ती कोणत्या सप्तकातली हे कळत नाही. मुलीचा काळी चारचा षड्ज सुमारे २०८ हर्ट्झचा असतो. वारकरी भजनात चढ्या पट्टीने म्हणणारे काही पुरुषही तिथेच षड्ज धरतात, आणि म्हणूनच त्यांचा तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, ४१५ हर्ट्झवर, टिपेला जातो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज मात्र सुमारे १३९ हर्ट्झवर असतो. तुम्ही स्वतः काळी एकमध्ये म्हणत असाल आणि मुलगी काळी चारमध्ये, तर तिची पट्टी तुमच्या मध्य सप्तकातला पंचम आहे. ती तुमच्या षड्जावर गायला लागली तर तिला खाली दबून तरी म्हणावे लागते किंवा एकदम सप्तकभर वर तरी जावे लागते. मुलांच्या गळ्याची हेळसांड इथेच सुरू होते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. मुलीने तिच्या पट्टीत गावे, आणि ती पट्टी पेटीवाल्यांनी एकदा सांगितली म्हणून कायमची मानू नये. पट्टी शोधताना तिला एका दमात, न दाबता, स्थिर लागणारा सर्वांत खालचा सूर पेटीवर शोधा आणि त्याला मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, समजा. तिथून पाच अर्धस्वर वर मोजले की षड्ज येतो. समजा तिचा खालचा स्थिर सूर काळी दोन निघाला, तर पाच अर्धस्वर वर गेल्यावर काळी चार येते. मग त्या षड्जावरून तार गंधारापर्यंत ती मोकळ्या गळ्याने जाते का ते पाहा. मानेच्या शिरा ताणल्या, हनुवटी वर उचलली गेली किंवा शब्द पुसट झाले तर पट्टी अर्ध्या सुराने उतरवा. हे सकाळी उठल्या उठल्या करू नये, कारण तेव्हा आवाज खाली असतो आणि पट्टी चुकीची निघते. मुलगा असता तर आणखी एक सांगितले असते, की आवाज फुटण्याच्या वयात तो साधारण सप्तकभर खाली येतो आणि त्या काळात जुनी पट्टी लादणे गळ्याला हानिकारक असते. मुलींचाही आवाज या वयात थोडा बदलतो, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासत राहा.

मंडळात सगळ्यांची पट्टी वेगळी असते, ही खरी व्यवहारातली अडचण आहे. हरिनाम सप्ताहात मृदंग एकदा गायकाच्या षड्जाला लावला की दर अभंगाला तो चढवणे-उतरवणे शक्य नसते. तिथे जुन्या लोकांची युक्ती म्हणजे मध्यमाला षड्ज मानणे. काळी एकच्या पेटीवर एखादी गवळण खाली बुडत असेल तर काळी तीनला षड्ज धरून म्हणायची. मृदंगाचा सूर तेव्हा नव्या षड्जाचा पंचम होतो आणि कानाला खटकत नाही. हीच युक्ती उलट बाजूने तुमच्या मुलीलाही उपयोगी पडेल. मृदंग काळी एकला लावलेला असला तरी ती काळी चारमध्ये म्हणू शकते, कारण काळी एक हा तिचा मध्यम आहे. मृदंगवाल्यांशी आधी बोलून घ्या, म्हणजे झाले.

राहिली स्केल चेंजर पेटी. नाव काहीही असो, त्या पेटीत स्वरक्रम बदलत नाही, पट्टी बदलते. आतले सूर जागेवरच असतात आणि वरची पट्ट्यांची संपूर्ण फळी खाचांमधून डावी-उजवीकडे सरकवता येते. त्यामुळे वाजवणाऱ्याची बोटे पांढरी एकच्या ओळखीच्या वळणाने फिरत राहतात आणि ऐकू मात्र काळी चार येते. रोज वेगवेगळ्या गायकांची साथ करणाऱ्याला ही सोय मोठी आहे. शिकणाऱ्या मुलीसाठी मी ती सुचवत नाही. अशी पेटी वजनाने जड आणि किमतीने बरीच जास्त असते, सरकणाऱ्या फळीमुळे हवा गळण्याच्या आणि पट्ट्या अडकण्याच्या तक्रारी लवकर येतात, आणि ती नीट उघडून बसवणारे कारागीर आपल्या तालुक्यांच्या गावी सहज मिळत नाहीत. साडेतीन सप्तकांची, खर्ज (खालच्या सप्तकाच्या) आणि नर (मधल्या सप्तकाच्या) अशा पात्यांच्या दोन संचांची साधी पेटी घ्या. त्यावर मुलीला निदान काळी एक, काळी दोन आणि काळी चार या तीन पट्ट्यांतून भूप आणि बिलावल वाजवता येऊ द्या. सुरुवातीला बोटे अडखळतील, पण सूर पट्टीच्या रंगावरून ओळखण्याची खोड मोडेल आणि अंतरावरून ओळखण्याची सवय लागेल.

तोपर्यंत घरातल्या कीबोर्डचे ट्रान्सपोज बटण हीच तुमची स्केल चेंजर पेटी समजा. ते उणे चारवर ठेवले की मुलगी सी मेजरच्या बोटांनी वाजवेल आणि आवाज काळी चारचा येईल. मात्र त्या वेळी ती ज्या पट्टीला सी म्हणते तिला तुमचे ॲप जी शार्पच म्हणणार, हे दोघांनीही ध्यानात ठेवा. कीबोर्डच्या वर्गाला किंवा परीक्षेला जाण्यापूर्वी ते बटण शून्यावर आणायला विसरू नका, नाहीतर बाई आणि परीक्षक दोघेही तिला ‘चुकीचे स्केल’ वाजवते आहेस असे म्हणतील, आणि तेव्हा त्यांचा अर्थ पट्टी हाच असेल.